पुन्हा विचारलेला प्रश्न

“हिला कशाचंही वावडं नाही. दगड खाऊन पचवेल,” सिस्टरांनी सुनेला अ‍ॅलर्जीचं विचारलं, तर सासूबाईंनी परस्पर उत्तर देऊन टाकलं.

भरलेली सिरिंज ट्रेमध्ये होती. शिवणकाम करणारी त्यांची सून ओटीपोट दाबून कॉटवर पडली होती. ताप एकशे तीन. गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत जंतुसंसर्ग पोचलाय, उशीर झाला तर पुढे मूल होणं कठीण, असं डॉक्टर सांगून गेले होते.

सिस्टर एकतीस वर्षं याच वॉर्डात होत्या. त्यांच्या चौकशांना कंटाळून बाकीच्या त्यांना ‘उलटतपासणी’ म्हणत. केसपेपरवर ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं लिहिलेलंही होतं. पण सासूबाई बोलल्या तेव्हा सुनेनं मान भिंतीकडे वळवली, ते त्यांना खटकलं.

“मावशी, तेवढा खालून रक्ताचा रिपोर्ट आणता?”

सासूबाई गेल्यावर सिस्टर कॉटच्या कडेला टेकल्या. “आता तू सांग. इंजेक्शननं कधी काही झालं होतं?”

तिनं आधी दाराकडे पाहिलं.

“शाळेत असताना. पेनिसिलिनचं. ओठ सुजले, श्वास कोंडला, शुद्धच गेली. आई म्हणाली, सासरी बोलू नकोस. दुखणाईत मुलगी गळ्यात बांधली म्हणतील.”

सिस्टरांनी ट्रे बाजूला सारला. सिरिंजमधलं औषध त्याच जातीचं होतं.

बोलावून सांगितल्यावर डॉक्टर वैतागले. “मी विचारलं तेव्हा नाही म्हणाली की!”

“ती म्हणाली, की सासूबाई?”

खालून आलेला रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “किडन्या ठीक आहेत. क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन देऊ. त्या दोन्हींचा पेनिसिलिनशी संबंध नाही. आणि नवऱ्यालाही बोलवा. त्यालाही औषध लागेल, नाहीतर हिचं दुखणं परत उलटेल.” केसपेपरवरची जुनी नोंद त्यांनी स्वतः लाल शाईनं खोडली.

“सासूबाईंना मी सांगू?” सिस्टरांनी तिला विचारलं.

“नको. मीच सांगते.”

तिनं सांगितलं. सासूबाई तिच्या उशाशी बसल्या. “अगं, मला बोलायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुला?” म्हणता म्हणता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नवं औषध सुरू करून सिस्टर बेसिनपाशी गेल्या. भरलेली जुनी सिरिंज त्यांनी रिकामी करून टाकून दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. सिस्टर राउंडला आल्या तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तीन दिवसांचा केसांचा गुंता सावकाश, एकेक बट धरून सोडवत होती. तिला हाक न मारता सिस्टर पुढच्या कॉटकडे वळल्या.