चौथीचा आवाज

डबिंगच्या खोलीत ताईची बावीस वर्षं गेली. कितीतरी गोऱ्यापान, शेलाट्या नायिका तिच्या आवाजात हसल्या, रडल्या, प्रेमात पडल्या. ताई स्वतः काळीसावळी, अंगाने भरलेली, पुढचे दात जरासे बाहेर. अभिनयाच्या वेडापायी ऐन विशीत या लाईनीत आली, तेव्हा पहिल्याच साहेबाने डोळे मिटून तिला ऐकलं, मग डोळे उघडून म्हणाला, "आवाज तेवढा ठेवून जा." सगळे हसले. तीही हसली होती.

त्या दिवशी एक चष्मेवाली दिग्दर्शिका आली. ताईच्या भाचीएवढी असेल.

"छोटी फिल्म आहे, ताई. पडद्यावर ज्यांना कधी जागाच मिळत नाही, अशा चार बायकांची. चौथीला तुमचा आवाज हवाय. नटीचा फार घोटवून घेतल्यासारखा वाटतो."

चौथी इस्त्रीचं दुकान चालवणारी. पडद्यावर ती इस्त्री उचलून कपाळावरचा घाम पुसत होती. ताईने हेडफोन लावले, ओठांवर नजर ठेवली आणि पहिल्याच वाक्याला अडखळली. नटीने मान वळवली होती. चेहरा सावळा होता, पण कानामागे रंग पोचला नव्हता. तिथं पांढरी फटक कातडी दिसत होती.

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले. दुसऱ्यांदाही ओठ जुळेनात. ताईने हेडफोन काढले.

"हिला रंग फासलाय ना?"

"थोडासाच," दिग्दर्शिका म्हणाली. "भूमिकेची गरज होती."

"तशीच बाई नाही मिळाली?"

"जंग जंग पछाडलं हो. अभिनय येणारी मिळेना."

"मी इथंच होते की," ताईच्या तोंडून निघून गेलं. त्यात राग नव्हता. जत्रेत मागं राहिलेल्या पोरीसारखा आवाज आला तिचा. काका उगाच बटणं चाचपू लागले.

दिग्दर्शिकेचा चेहरा पडला. "मला तुमचा फक्त आवाज माहीत होता, ताई. तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

ताईने काम पुरं केलं. चौथीचं रडणं तर एका दमात दिलं.

आठवड्याने फोन आला. "सगळं पुन्हा शूट करणं आता होणार नाही. पण एक प्रसंग नवा लिहिलाय. चौथीची थोरली बहीण दुकानाच्या दारात येते. बोलायचं काही नाही. याल?"

ताई गेली, पण तिथं तिची पंचाईत झाली. हातांचं काय करायचं तेच कळेना. आजवर ती दुसऱ्यांच्या ओठांकडे बघत बोलत आली होती. आता सगळं युनिट तिच्याकडे बघत होतं. दोन टेक वाया गेले. तिसऱ्या वेळी तिने इस्त्री करणाऱ्या त्या नटीकडे पाहिलं आणि तिला मनापासून वाटलं, सरक गं जरा, मला उभं राहू दे तिथं. दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "झालं."

फिल्म दाखवली त्या दिवशी ताई नवऱ्याला घेऊन गेली. ताई पडद्यावर आली आणि गेली. आठ सेकंद.

"मी शिंकलो त्यात निम्मी गेलीस की गं!" नवरा म्हणाला.

ती खो-खो हसली. पण घरी चालत येताना तिचा जीव त्या दारातच घुटमळत होता. त्या बहिणीने आत यावं, स्टुलावर बसावं, एवढी वर्षं कुठं होती ते सांगावं. काय सांगितलं असतं, ते ताईला अगदी शब्दन् शब्द ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीच्या उजेडात नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. दात दिसू देत हसली. काकांनी सिनेमासाठी नट निवडणाऱ्यांचे तीन पत्ते दिले होते, त्यांवर तो पाठवला. खाली नाव, उंची, वय सत्तेचाळीस, सगळं खरं लिहिलं.

दोघांचं उत्तर नाही आलं. तिसरीने लिहिलं, सध्या काही नाही, पण फोटो जपून ठेवलाय. ताई हल्ली दोन वाक्यांच्या मधल्या वेळात फोन उघडून बघते आणि काकांनी हात वर केला, की हेडफोन चढवून कुणाच्या तरी ओठांकडे वळते.