अधिक एकची जागा

माह्या प्रसेनजितची बायको, सुवर्णा, बँकेच्या मोठ्या कम्प्युटरवर काम करते, तेही जानेफळात घरी बसून. मेनफ्रेम म्हणतात त्याले. तो ठेवलेला कुठं, त सातासमुद्रापार, अन् ही इथून त्याच्यातल्या फायली सांभाळते. आठवा महिना लागला तरी बाई खुर्ची सोडत नव्हती.

येणाऱ्या लेकराचं नाव काढायची घरात बंदी होती, अन् ती मीच घातली होती. पहिलं पोट सातव्यात गेलं तेव्हा पाळणा धुऊनपुसून तयार होता. मग तो माळ्यावर गेला. या खेपेले मी झबल्याचं कापडही घरात येऊ देलं नाही. सुवर्णा एकदा बोलली, "आई, या घरात याची कोणी वाटच पाहत नाही असं वाटते मले." मी अशी चिडली की दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

त्या दुपारी तिचं काम अडलं. मी चहा नेला अन् मागंच उभी राह्यली. पडद्यावर फायलींची नावंच नावं. नावाचा पहिला तुकडा बँकेच्या विभागाचा, दुसरा कामाचा, मग त्यात काय आहे ते, अन् शेवटी पिढीचा आकडा. मधात टिंब. लाखो फायली, पण एका नावाच्या दोन नाहीत, असं तिनं सांगितलं. आमच्या गल्लीत तीन केसरबाई, माह्यं टपाल कायम भलतीच्याच घरी जाते. मी त थक्कच झाली.

एकाच कामाची रोज नवी फाईल निघते, तीच पिढी. सगळ्यात ताजी फाईल म्हणजे शून्य. तिच्या आधीची उणे एक, तिच्याही आधीची उणे दोन, बाप-आजा-पणजा असल्यासारखं.

"अन् हे अधिक एक कोण?"

"जी अजून झालीच नाही, ती. तिचं नाव अन् जागा आधी सांगितल्याबिगर मशीन कामच सुरू करत नाही."

एवढं मोठं मशीन, अन् न जन्मलेल्यासाठी जागा करून बसते.

आजची फाईल बनता बनता मोडली होती. सुवर्णानं ती पुसली अन् पुन्हा लिहिलं, तेच, अधिक एक. मी म्हटलं, पुन्हा तेच काऊन?

"मोडली तरी येणारीची जागा करावीच लागते, आई." तिचा हात पोटावर होता.

मी प्रसेनजितले हाक मारली अन् माळ्यावरचा पाळणा काढायले सांगितलं. कोणासाठी, म्हणे तो.

"अधिक एकसाठी," मी म्हटलं.

सुवर्णा रडत रडत खुर्चीवरून उठली अन् पाळणा पुसायले ओलं फडकं घेऊन आली.