हिरव्या रंगाला दोन साक्षीदार

तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हातात पेन आलं की मात्र हीच टकळी मुकी व्हायची. निबंध म्हटला की 'मानवी जीवनात अमुकचे महत्त्व फार आहे' इथून सुरुवात आणि 'म्हणून आपण सर्वांनी' इथे शेवट. मधलं काय लिहिलंय ते तिला स्वतःलाही सांगता यायचं नाही.

यंदा नवीन बाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग वर्गात तीस टॅब आले. पोरांना वाटलं, चला, गेम! बाईंनी पहिल्याच दिवशी त्या आनंदावर पाणी ओतलं. "कथा-कविता तुम्हाला आहेतच. माझ्या तासाला खरं वाचायचं आणि खरं लिहायचं. आणि प्रत्येक वाक्याला रंग मारायचा."

रंग तीन. पिवळा म्हणजे ज्यानं पाहिलंय त्यानं सांगितलंय किंवा आपण एकट्यानंच पाहिलंय. लाल म्हणजे छापलेलं असलं तरी मुळात कुठून आलं देव जाणे. आणि हिरवा म्हणजे स्वतः पाहिलंय, पण आपल्याबरोबर आणखी एकानं पाहिलेलं असेल तरच. सगळ्यांची एकच फाइल. एकानं रंग मारला की तो तीसही टॅबवर दिसायचा, आणि खोटा हिरवा मारला की समासात लगेच कुणीतरी विचारायचं, 'दुसरा कोण होता?' वर्तमानपत्रातली एक मोठ्ठी बातमी अशी रंगवली, तर तारीख सोडून अख्खी बातमी लाल निघाली. त्या दिवशी टकळी घरी गेली आणि जेवताना आईच्या वाक्यांना रंग मारत सुटली.

"शेजारची काकू भांडकुदळ आहे, हे लाल का पिवळं, आई?"

"हे हिरवं," शिवणाचं दुकान चालवणारी आई म्हणाली. "तुझा बाप साक्षीदार आहे. जेव आता."

मग महिन्याभरानं बाईंनी प्रत्येकाला शाळेतलीच एक जागा वाटून दिली. तिच्यावर लिहायचं आणि पालकसभेत पडद्यावर रंगांसकट वाचायचं. टकळीच्या आणि तिच्या बाकावरच्या चिमणीच्या वाट्याला वाचनालय आलं. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, सहा लोखंडी कपाटं, आणि ग्रंथपाल काका. काकांना निम्मे दिवस खाली ऑफिसात दाखले लिहायला बसवलेलं असायचं, त्यामुळे खोलीला बहुतेक वेळा कुलूपच.

कुलूप उघडं मिळालं त्या दिवशी दोघींनी घाईघाईत टॅबवर सगळ्या कप्प्यांचे फोटो काढले. मग वर्गात बसून दोन बोटांनी फोटो मोठे करत पुस्तकांच्या पाठी मोजल्या. बाराशे बारा. शाळेच्या माहितीपत्रकात मात्र पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पाच हजार पुस्तकांचे सुसज्ज वाचनालय.'

टकळीनं बाराशे बारा लिहिलं आणि टेचात हिरवा मारला.

दुसऱ्या दिवशी समासात एक टिप्पणी होती. नाव होतं, मुख्याध्यापिका. 'आकडा पाच हजार करावा.' त्या फाइलमध्ये मोठ्या बाईंनाही येता येतं, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी टकळी त्यांच्या खोलीत उभी होती.

"तुझी अक्कल पाजळायला पालकसभाच सापडली का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, पाच हजार कुठून आलं?"

"मागच्या वर्षीच्या पत्रकात होतं."

"आणि मागच्या वर्षी?"

"त्याच्या मागच्या." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हे बघ. पाच हजार लिहिलंस तर शनिवारी वाचशील. नाहीतर तुझं पान वगळून पुढे जायचं. आणि तुमच्या त्या खेळण्यांचं काय करायचं, तेही मी बघते."

वर्गात येऊन टकळीनं हे सांगितलं, तसा चिमणीचा चेहरा एवढासा झाला. "माझं नाव काढ," ती म्हणाली. "माझी बहीण पहिलीत आहे. मोठ्या बाईंना सगळ्या घराण्यांचे चेहरे पाठ असतात."

"अगं, पण तू नसलीस तर हिरवा जाईल!"

"जाऊ दे."

टकळी रागानं लाल झाली, पण नाव काढलं. हिरवा पुसून पिवळा मारला. नव्या बाईंकडे गेली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आकडा तुझा. ठेवायचा की बदलायचा, तूच ठरव. फक्त मोजणी पक्की आहे का तेवढं बघ."

पक्की? टकळी तणतणत वर गेली. दार उघडं होतं, काका वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिनं टॅबवरचे फोटो त्यांच्या पुढ्यात धरले. "काका, बाराशे बारा बरोबर आहे ना?"

काकांनी दोन फोटो मागेपुढे केले. "हे लाल जाडजूड पुस्तक इथे डाव्या टोकाला आहे. आणि मागच्या फोटोत उजव्या टोकाला. जुळी आहेत का?"

टकळीनं पुढचे फोटोही तसेच मागेपुढे करून पाहिले. प्रत्येक फोटोच्या कडेची पुस्तकं शेजारच्या फोटोतही आली होती. मोठ्या बाईंशी भांडली होती ती चुकीच्या आकड्यासाठी!

घरी तिनं आईला सांगितलं, तशी आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "माप दोनदा घ्यायचं, कात्री एकदाच चालवायची. आणि चुकलीस तर गिऱ्हाइकानं सांगायच्या आधी आपण सांगायचं. मग ते पळून जात नाही."

पुढचे तीन दिवस डब्याच्या सुट्टीत टकळी वाचनालयात. या वेळी फोटो नाहीत. एकेका पुस्तकाला बोट लावून, पुटपुटत. बोटाचं टोक धुळीनं काळं झालं. शेवटच्या दिवशी आकडा आला अकराशे अठ्ठेचाळीस. पाच हजारांपासून आणखीच लांब!

"काका, तुम्ही साक्षीदार व्हाल?"

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "पोरी, निवृत्तीला आठ महिने राहिलेत माझ्या. मी काही पाहिलेलं नाही."

शनिवारी सभागृह भरलं होतं. एकेकाचं पान पडद्यावर येत होतं. टकळीची पाळी आली तेव्हा मोठ्या बाई पहिल्या रांगेतून वळून म्हणाल्या, "पाच हजार लिहिलंय ना?"

"हो बाई, लिहिलंय."

मोठ्या बाई निर्धास्त झाल्या. पडदा उजळला.

टकळीनं वाचायला सुरुवात केली, एरवीपेक्षा जरा हळू. "माहितीपत्रक सांगतं की शाळेच्या वाचनालयात पाच हजार पुस्तकं आहेत." पडद्यावर ते वाक्य टोमॅटोसारखं लालभडक. "आधी मी बाराशे बारा मोजली. ते चुकलं. फोटोंत चौसष्ट पुस्तकं दोनदा आली होती. मग मी बोट लावून मोजली. अकराशे अठ्ठेचाळीस." पिवळं.

सभागृहात कुजबुज. मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

"पाच हजार लाल का?"

"कारण ते कुठून आलं, हे मला सापडलं नाही. तुम्हालाही सांगता आलं नाही, बाई."

कुणीतरी खिदळलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

"असं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मग तुझा तरी हिरवा कुठाय?"

वर्मी लागलं. टकळीनं पिवळ्या ओळीकडे पाहिलं. एक बोट फिरवलं असतं तर ती हिरवी झाली असती, आणि इथे समासात विचारणारं कोण होतं?

"नाहीये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आपोआप मोठा झाला. "मी एकटीच होते, म्हणून पिवळा. एकदा चुकलेय, परतही चुकेन. पण चुकले तर मोजून सांगा. नुसतं 'बदल' म्हणून सांगाल, तर नाही बदलणार. वाचनालय वर आहे. कुणीही या आणि मोजा!"

कुणी उठलं नाही. आई चौथ्या रांगेत पर्स घट्ट धरून बसली होती. मग मागच्या दाराशी खुर्ची करकरली.

"मोजायला नको," ग्रंथपाल काका म्हणाले. "ही पुटपुटत मोजायची, तेव्हा मी पेपरामागून मोजत होतो. अकराशे अठ्ठेचाळीस. खातं माझं आहे, बाई. पाच हजार मी कधीच सांगितले नव्हते. पण मला कुणी विचारलंही नव्हतं."

टकळीनं टॅबवर बोट ठेवलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर ती ओळ हिरवीगार झाली.

"झालं ना तुझं? बस खाली," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज कडकच होता, पण त्यांची नजर त्या हिरव्या ओळीवरून हलत नव्हती.

"अजून एक वाक्य राहिलंय, बाई." आणि परवानगी मिळायची वाट न बघता टकळीनं वाचलं, "या महिन्यात शाळेच्या बावीस दिवसांपैकी सोळा दिवस वाचनालयाला कुलूप होतं." पिवळं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत, पहिलीतल्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेल्या चिमणीनं हात वर केला. चांगला उंच.

"कुलूप मीही पाहिलंय," ती म्हणाली. "सोळाही दिवस. मार हिरवा!"