रात्रीची भाकरी

बबनराव आणि आनंदराव एकाच शाळेत शिकले आणि एकाच गावात म्हातारे झाले, पण त्यांची दोस्ती जमली ती साठी उलटल्यावर, आणि तीही साखरेमुळे. खुटबावात दोघांचे रस्ते तसे वेगळे. आनंदरावांचा ऊस, विहिरी, सोसायटीच्या निवडणुका. बबनरावांची दौंडकडे रेल्वेत गेटमनची नोकरी, मग पेन्शन आणि विहारामागचं स्लॅबचं घर. पुढे एकाच उन्हाळ्यात दोघांना मधुमेह निघाला. दौंडच्या एकाच डॉक्टरकडे दोघांचे नंबर लागू लागले, आनंदराव गाडी काढू लागले आणि बबनराव पुढच्या सीटवर बसू लागले. परत येताना चौफुल्यावर बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि त्याला नावं ठेवायची, हा ठरलेला कार्यक्रम. जन्मभर जे सोसायटीला आणि शाळेला जमलं नाही ते दुखण्याने करून दाखवलं.

बबनरावांच्या घरात एक नियम होता. शिळी भाकरी खायची नाही. सून करुणा नांदायला आली तेव्हा सासूने, ताईबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ह्यांना तव्यावरची लागती. रातची ताटात दिसली तर जेवायचं सोडून उठून जातील." का, ते काही त्यांनी सांगितलं नाही, आणि आता त्या सांगायला उरल्या नव्हत्या. करुणाने आपली समजूत करून घेतली की हा रेल्वेवाल्याचा तोरा. नोकरीतसुद्धा म्हणे मामा रात्रपाळीला फाटकाच्या खोलीत स्टोव्ह पेटवून स्वतः भाकरी थापायचे. घरचा डबा मध्यरात्र उलटली की त्यांच्या लेखी शिळा व्हायचा. घरात उरलेली भाकरी शेजारच्या म्हशीला जायची. म्हैस चांगली बाळसेदार झाली होती.

अशाच एका तपासणीत दोघांचीही तीन महिन्यांची साखर चढलेली निघाली. बबनरावांची जरा जास्तच. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "पुढच्या वेळी हाच आकडा आला तर इन्सुलिन सुरू करू. आणि डोळ्यांचे पडदेही तपासून घ्या." पेपरातली बारीक अक्षरं हल्ली एकमेकांत मिसळतात, हे बबनरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते नुसते "बरं" म्हणाले. पण आतून ते घाबरले होते.

डॉक्टरांनी दोघांना शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या मुलीकडे पाठवलं. प्रांजल तिचं नाव. करुणाही सोबत होती. मुलगी चुणचुणीत होती, आणि समजावून सांगताना कंटाळत नव्हती.

"आजोबा, आपल्या आतड्यात चांगले जंतू असतात. ताक, दही, आंबील यांतून तसे जंतू पोटात जातात, त्याला प्रोबायोटिक म्हणतात. पण पाहुणे नुसते बोलावून भागत नाही, त्यांना जेवायला घालावं लागतं. त्यांचं जेवण म्हणजे प्रीबायोटिक. कांदा, लसूण, कडधान्यं. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे रात्रीची ज्वारीची भाकरी. गार झाली की तिच्यातला काही भाग आपल्याला लवकर पचत नाही. तो त्या जंतूंच्या वाट्याला जातो आणि साखर जरा हळू चढते. रात्री झाकून फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी ताकात कुस्करून खायची. मोजकीच बरं का. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत."

आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "आवं, आमची आई न्याहारीला हेच द्यायची. ताकातली भाकरी आन् वर कांदा फोडून. बबनराव, ह्या पथ्यापायी आजारी पडलं तरी चालंल."

बबनराव भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे बघत राहिले.

करुणाने सगळं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटीत ताक, कुस्करलेली भाकरी, वर जिऱ्याची पूड आणि चिमूटभर मीठ असं नीटनेटकं पुढे ठेवलं. बबनरावांनी वाटी बाजूला सारली. "माझ्या पोटाला चालत न्हाई," म्हणाले, आणि नुसतं ताक मागून घेतलं. तिसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. करुणा चिवट होती, ती रोज भाकरी राखून ठेवायची. सासरे चिवट होते, ते रोज वाटी सारायचे. रांजणगावला पाळीवर जाताना नवनाथ, म्हणजे तिचा नवरा, दोघांकडे बघायचा आणि हेल्मेट घालून निघून जायचा. शहाणा माणूस.

इकडे आनंदरावांची साखर उतरायला लागली. घरच्या यंत्रावर रोज बोट टोचून ते आकडा बघायचे आणि पारावर सांगत सुटायचे. एकदा त्यांनी बबनरावांना सरळ विचारलं, "तुम्ही खाता का न्हाई ती ताकातली भाकरी?"

खरं सांगायची बबनरावांची तयारी नव्हती. चारचौघांत तर नाहीच. जे पहिलं तोंडाला आलं ते त्यांनी सांगून टाकलं. "आमच्यात भाकरी उरतच न्हाई वो. मोजून थापती सून."

आनंदरावांना ते पटलं. पटलं एवढंच नव्हे, लागलंही. मित्राचे डोळे जायची वेळ आली, आणि अडलंय कुठं, तर भाकरीपाशी? घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोच्या कानावर घातलं.

साखरबाई मनाने मोकळ्या होत्या. करुणाच्या घरी येऊन चहा पिणाऱ्या, ताईबाई गेल्या तेव्हा तीन दिवस घरून पिठलं-भाकरी करून आणणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. बबनराव ओसरीवर दाढी करत होते.

"करुणा, हे घे गं. रातच्या भाकरी हायत्या. ह्यांनी सांगितलं, तुमच्यात उरत न्हाईत म्हणून. म्हणलं, आमच्यात रोज चार-पाच पडून ऱ्हात्यात. न्हाईतरी जनावरांनाच जायच्या. रोज धाडत जाईन मी."

"कशाला त्रास घेतला, काकू," म्हणत करुणाने हात पुढे केला. तिला बिचारीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बबनरावांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

"करुणा, तो डबा घेऊ नको. वहिनी, बसा."

साखरबाई बसल्या. डबा त्यांच्या मांडीवर राहिला.

"ह्या घरात भाकरी उरती, वहिनी. मी आनंदरावांला खोटं बोललो."

"कशापायी?"

 बबनराव बोलले ते अगदी हळू बोलले, फाटकावरून गेलेल्या गाडीची नोंद सांगावी तसं. "माझी आजी व्हती, सोजराबाई. गावची येसकरकी, म्हंजी वेशीच्या राखणीची पाळी, आमच्या घरावर आली की दिवे लागायच्या टायमाला टोपलं घेऊन घरोघर भाकरी मागायची. मी तिच्या पदराला धरून. तुमच्या दारातबी यायचो आम्ही. पायरीच्या खाली उभं ऱ्हायचं. वरनं टोपल्यात पडायची भाकरी. कवा सकाळची, कवा कालची. तवाबी असंच म्हणायची माणसं. न्हाईतरी जनावरांनाच जायची."

साखरबाईंचा चेहरा उतरला. "मी न्हवते वो तवा त्या घरात."

"न्हवताच तुम्ही. तुमचं नाव घेत न्हाई मी. पुढं आम्ही धम्म घेतला. माझा बाप, बन्सी, त्यानं टोपलं चुलीत घातलं. आजीला म्हणला, हितनं पुढं शिळा तुकडा ह्या घरात येणार न्हाई. उपास पडलं दोन-चार. पण आला न्हाई."

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बबनराव," साखरबाई म्हणाल्या.

"तुमच्या ध्यानात यायचं कारणच न्हाई. माझ्या ध्यानातनं जात न्हाई, एवढंच."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि साखरबाईंना तेच जड गेलं. रागावले असते तर उलट काही बोलता आलं असतं, निदान रडता आलं असतं. त्या डबा घेऊन उठल्या आणि आल्या वाटेने गेल्या. करुणाने चहा विचारला तो त्यांना ऐकू आला नाही, किंवा आला असेल.

बबनरावांनी उरलेली दाढी केली, तोंड धुतलं. हनुवटीपाशी कापलं होतं. आत येऊन बघतात तर करुणा फ्रीजमधून भाकरी काढून मागच्या दाराने म्हशीकडे निघालेली. तिचे डोळे भरले होते.

"मामा, मला ठाऊक असतं तर मी कधी ठेवलीच नसती. तुम्ही सांगायचं तरी. मी उद्यापासनं दोन्ही वक्ताला गरम करीन."

"थांब," बबनराव म्हणाले. "ती कुणी थापली?"

"मीच. रात्री."

"पीठ?"

"आपलंच."

"आन् उरली कुठं?"

करुणाला प्रश्न कळेना. "आपल्याच घरात की, मामा. कुठं उरणार?"

बबनराव पाटावर बसले. इतकी वर्षं बापाचा शब्द त्यांनी पाळला होता, पण बाप नेमकं काय म्हणाला ते आज बोलून दाखवताना पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडलं होतं. येणार नाही, म्हणाला होता. बाहेरून येणार नाही. बापाच्या काळी घरात भाकरी उरायचीच नाही. शिळी म्हटलं की ती दुसऱ्याच्याच घरची. आपल्या चुलीवरची भाकरी रात्रभर उरेल आणि सकाळी शिळी होईल, एवढी चैन बन्सीच्या स्वप्नातसुद्धा आली नसेल.

"आण हिकडं," ते म्हणाले.

करुणाने बिचकत वाटी पुढे ठेवली. बबनरावांनी स्वतःच भाकरी कुस्करली, ताक ओतून घेतलं, मीठ घातलं. पहिला घास तोंडात घेऊन ते बराच वेळ चघळत राहिले. करुणा त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, आता उठतात की मग उठतात.

ते उठले नाहीत. दुसरा घास घेतला, मग तिसरा.

"कशी लागतीये, मामा?"

"चांगली लागती," बबनराव म्हणाले. वाटीतून मान वर न करता थोड्या वेळाने म्हणाले, "तवाबी चांगलीच लागायची गं. त्याचीच लाज वाटायची."