केळं नसलेल्या केळ्याचा वास

"मामा, तुमच्या बियरमध्ये केळी घालता का हो?"

हा प्रश्न माझा नाही, माझ्या वर्गातल्या रोहिणीचा. तिच्या मोठ्या भावाने धुळ्यात कुठल्याशा हॉटेलात कुंदनमामाची गव्हाची बियर प्यायली आणि घरी येऊन सांगितलं, केळ्याचा वास येतो म्हणे. झालं! तेव्हापासून वर्गातल्या सगळ्या पोरी माझ्या मागे. "विचारून दाखव. सगळ्यांसमोर. नाहीतर तू आपली जुनीच दिपी."

जुनी दिपी म्हणजे बाकाखाली पडलेली स्वतःची पट्टी उचलू की नको याचा तासभर विचार करणारी. गणपतीत गावच्या स्टेजवर माझ्या हातात माईक आला आणि मी तो परत द्यायलाच विसरले, त्या दिवशी ती दिपी संपली. त्यामुळे दसऱ्याला मामाच्या नरडाण्याच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटला, मम्मी सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवत होती, तेव्हा मी ठणठणीत आवाजात विचारून टाकलं.

मामा खो खो हसला. पप्पांच्या हातातलं खोबरं मात्र तोंडापर्यंत गेलंच नाही.

पप्पा म्हणजे चोपड्याकडचे केळीवाले. बागेत नुसतं उभं राहून कुठला घड कधी पिकणार ते नाकाने सांगतात. मामाने बियरचा कारखाना काढला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, माझ्या बागेतलं एक केळं जरी त्या कामाला गेलं तर आपलं येणंजाणं बंद. आणि नेमका गेल्याच आठवड्यात मम्मीने भावाकडे केळ्यांचा घड पाठवला होता. चोरून नाही काही. पण सांगूनही नाही. बागेतला एक घड कमी झालाय हे पप्पांना तेव्हाच कळलं होतं.

पप्पांनी मामासमोरचा बियरचा ग्लास उचलून नाकाशी नेला. प्यायचा तर प्रश्नच नाही, ते सुपारीसुद्धा खात नाहीत.

"हाऊ केळानाच वास शे." पप्पा चिडले की पुस्तकी मराठी गळून पडते.

"दाजी, त्यात केळं नाही. यीस्ट करतं तो वास."

"माले शिकाडू नको! मना जलम केळामा गया." मग मम्मीकडे वळून, "तो घड कोठे गया, प्रमिला?"

"खाल्ला आम्ही, दाजी!" मामा म्हणाला. "शिकरण केलं, उरलेल्याची भजी केली. आता भजी कुठून दाखवू?"

टाकीवरचा झेंडूचा हार सरळच होता, तरी मम्मी तो पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. मम्मीला वर्षातून दोनदाच माहेरचं माणूस भेटतं, राखीला आणि दसऱ्याला. आणि माझ्या एका प्रश्नाने ते बंद व्हायची वेळ आली होती. रोहिणीला मनातल्या मनात जी काही विशेषणं लावली, ती इथे लिहिता येणार नाहीत.

पण तोंड नवीन होतं ना माझं. ते उघडलंच. "पप्पा, आज मुहूर्ताची नवीन बियर चढणार आहे. तुम्ही पहिल्यापासून उभे राहा. आत काय पडतं ते बघा. मग ठरवा."

"आणि शेवटी केळानाच वास उना तर?"

"तर मम्मीवर रागवायचं नाही. आणि माझं एक म्हणणं ऐकून घ्यायचं. मध्ये न बोलता."

"तुनं कसलं म्हणणं?"

"ते तेव्हा."

ते म्हणणं काय होतं, मलाच नीट माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की दहावी झाली की मला लातूरला धाडायचं, होस्टेलला ठेवायचं आणि पुढे डॉक्टर करायचं हे पप्पांचं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. जुन्या दिपीनेही काही सांगितलं नव्हतं.

मग काय मजा! पप्पा हात मागे बांधून मामाच्या मागे मागे, जणू रेल्वेचे साहेब तपासणीला आलेत. पोती उघडून बघितली. गहू. मोड आणून वाळवलेले जव. पोत्यामागे वाकून बघितलं. तिथेही केळं नाही. मामाची बडबड चालूच. उन्हाळ्यात कैरीची बियर काढतो, पावसाळ्यात आल्याची, थंडीत भाजक्या बाजरीची, ही गव्हाची दसरा-दिवाळीची. भल्यामोठ्या पातेल्यात भरडलेलं धान्य गरम पाण्यात पडलं आणि कारखानाभर असा वास सुटला की मी आणि मम्मी एकदमच ओरडलो, "कुरडया!" अगदी तोच! कुरडयांचा चीक शिजतो तोच वास!

गाळलेलं गोड पाणी मामाने मला अर्धा कप दिलं. "पी. अजून यीस्ट पडलं नाही, त्यामुळे ही दारू नाही. पुढचं मात्र तुला एकविशीनंतर."

कुरडयांच्या चिकात उसाचा रस ओतला तर कसा लागेल? तसं! पप्पांनीही चमचाभर घेतलं.

"केळं?" मी विचारलं.

"नही," पप्पा नाइलाजाने म्हणाले.

ते पाणी उकळून, गार होऊन टाकीत गेलं. मग मामाने फ्रिजमधून बरणी काढली. आत ताकाच्या तळाशी साचतो तसा दाट गाळ. "हे यीस्ट. जिवंत आहे." पप्पांनीच स्वतःच्या हाताने ते टाकीत ओतलं. झाकण बंद झाल्यावर पूजेच्या ताटातला लाल नाडा घेऊन झाकणाला बांधला आणि अशी गाठ मारली की ती त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नाही. केळीच्या झाडाला टेकू बांधतात ती गाठ.

"कोजागिरीले येसू," ते म्हणाले.

मधले दिवस मी वेडी झाले होते. इडलीच्या पिठाला कान लावून बसले. सायन्सच्या मॅडमना इतके प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "दिपमाला, मध्ये श्वास घेत जा." एक पेशी! डोळ्यांना न दिसणारी! ती साखर खाते, दारू करते, बुडबुडे सोडते आणि जाता जाता केळ्याचा वास करते. आयुष्यात केळं न बघता! चोपडा तालुका न बघता! मामा म्हणतो, टाकी जरा उबेत ठेवली की वास वाढतो, गारव्यात ठेवली की लाजतो. हे कळल्यावर कुणाला भूगोलाच्या धड्यात लक्ष द्यावंसं वाटेल?

कोजागिरीच्या दुपारी आम्ही परत नरडाण्याला. नाडा जसाच्या तसा. पप्पांनी गाठ तपासली, स्वतःच सोडली. मामाने खालची तोटी फिरवली, ग्लासात गढूळ सोनेरी बियर आणि वर पांढरा फेस. पप्पांनी डोळे मिटले. नाक ग्लासात. मम्मीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पप्पांनी परत वास घेतला. मग परत.

"केळं शे," ते हळूच म्हणाले. "एक दिवस कच्चं."

मामाने टाळ्या वाजवल्या. मम्मी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पप्पा तिच्याकडे न बघता ग्लासाकडे बघत म्हणाले, "पुढच्या टाइमले दोन घड धाड. त्यास्ले शिकरण पुरनं नसीन." एवढीच माफी. पण मम्मीला पुरली. तिने पप्पांच्या हातातून ग्लास घेतला, एक घोट प्यायली, "ई, कडू!" म्हणाली आणि लगेच दुसरा घेतला. पप्पांचं तोंड उघडं ते उघडंच!

माझ्या हातात केशर-दुधाचा पेला होता. मी तो टाकीशेजारी ठेवला. माईक नव्हता, तरी घसा साफ केला.

"पप्पा, मम्मी, आता माझं म्हणणं. मध्ये बोलायचं नाही, ठरलंय. मी लातूरला जाणार नाही. मला डॉक्टर नाही व्हायचं. अकरावी-बारावी चोपड्यालाच करणार, सायन्सच घेणार, आणि त्यानंतर मी हे असे डोळ्यांना न दिसणारे जीव शिकणार."