मंडळाबाहेरचा आवाज

"काका, हेल्पलाइनवर मराठी बोलतात का?"

महाराष्ट्र मंडळातला रविवारचा मराठीचा वर्ग नुकताच सुटला होता. बाकीची मुलं दाराशी चपला शोधत होती. सायली मात्र माझ्या टेबलापाशी रेंगाळली.

"कशाला गं?"

"प्रोजेक्ट आहे. शाळेचा."

मी इथे कोलकात्यातच छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. नववीतल्या मुलीचा प्रोजेक्ट म्हणजे चार्ट पेपर, स्केचपेनं आणि आदल्या दिवशी एस्प्लनेडच्या बाजारात पळालेले बाबा. सायलीकडे नुसती वही होती, तीही छातीशी घट्ट धरलेली.

"बघू."

तिने नाइलाजाने शेवटचं पान उघडलं. पाच फोन नंबर. प्रत्येकापुढे पेन्सिलीने बारीक शेरा: 'लागत नाही', 'बंगाली', 'बंगाली', 'हिंदी, थांबा म्हणाले', 'बंद'. प्रोजेक्टसाठी मुलं नंबर उतरवतात, लावून बघत नाहीत.

मुलं गेल्यावर मी तिला समोर बसवलं. असा प्रश्न आडून विचारला तर उत्तरही आडूनच येतं, म्हणून सरळ विचारलं, "सायली, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?"

"माझ्या नाही."

मी घाई केली नाही. टेबलावरचे खडू डब्यात भरत बसलो.

"आई म्हणाली, मी नसले तरी तुमचं चालेल," ती अखेर म्हणाली. "पोळ्या करताना. मग परवा पुन्हा म्हणाली. ती जेवत पण नाही."

तेजस्विनी, सायलीची आई, तीन वर्षांपूर्वी कराडहून इथे आली. नवरा मंदार आयटीत, महिन्यातले पंधरा दिवस बंगळुरूला. मंडळाच्या कार्यक्रमांत ती हसून वाढायला उभी असायची. मला कधी शंका आली नव्हती.

"आईला हिंदीत भाजी घेता येते," सायली म्हणाली. "भांडता पण येतं. रडता नाही येत."

"मग सोपं आहे. आपल्या मंडळातली वृंदा समुपदेशक आहे. तिला आत्ता फोन..."

"नको! काका, प्लीज!" तिने माझा मोबाइलच दाबून धरला. "आई म्हणते, मंडळात एकाला सांगितलं की गणपतीपर्यंत सगळ्यांना कळतं."

"वृंदा तशी नाही गं."

"अभिषेकदादा नापास झाला ते आम्हाला कोणी सांगितलं?"

मीच सांगितलं होतं. साबुदाण्याची खिचडी खाता खाता, काळजीच्या सुरात. सायली माझ्याकडे आता ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने मी आयुष्यभर कॉपी करणाऱ्या मुलांकडे बघत आलो.

"तुम्ही पण मंडळातलेच," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "म्हणून बाहेरचं कोणी शोधू."

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, तिच्या यादीत नव्हता. मी स्पीकर लावून फोन केला, भाषा विचारल्यावर मराठी निवडली. थोड्या वेळाने एका बाईंचा आवाज आला, "नमस्कार, बोला."

"विचारा, त्या कोलकात्यात राहतात का," सायली कुजबुजली.

मी विचारलं.

"नाही, आजोबा. का हो?"

"इथली सगळी मराठी माणसं एकमेकांना ओळखतात."

"मग मी तुमच्या ओळखीची नाही. नावही सांगू नका हवं तर."

मी नावं न घेता थोडक्यात सगळं सांगितलं. सायली फोनवर वाकली. "आईने काही सांगितलं तर तुम्ही बाबांना सांगाल?"

"आईच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला कुणाला तरी मदतीला बोलवावं लागेल, बाळा. पण ते आधी आईलाच सांगेन."

मला वाटलं, झालं, बिनसलं. पण सायलीने पेन्सिल काढली आणि नव्या नंबरापुढे लिहिलं, 'खरं बोलतात'.

बाईंना फोनवरच थांबायला सांगून आम्ही निघालो; त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून. तेजस्विनीने दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"काका? काय केलं हिने?"

"काही नाही केलं. एका बाईंशी बोलशील का? फोनवर आहेत."

तिचा चेहरा एकदम कठोर झाला. तिने सायलीकडे पाहिलं. "कोणाला सांगितलंस? कोण आहे? मंडळातलं?"

"नाही, आई. मी चेक केलं."

"आणि हे? हे कोण मग?" तिने माझ्याकडे बोट केलं.

मी फोन तिच्यापुढे धरला. "मी खाली जिन्यात बसतो. मला ऐकू येणार नाही. सायली मात्र तुझ्याजवळ राहील."

तिने फोनकडे पाहिलं. मग घेतला. मी जिना उतरू लागलो, तेव्हा वरून तिचा आवाज आला, धारदार.

"आधी मला सांगा, तुम्ही कुठून बोलताय?"

अर्ध्या तासाने सायली कठड्यावरून वाकली.

"काका, ती रडतेय," ती म्हणाली. "आणि अजून बोलतेय."