पाच दारांचा फकीर

पन्नाशी गाठलेल्या बाप्यानं मायपासून मनगट लपवावं, याला काय म्हणावं? एवढ्या उकाड्यात आठ दिवसांपासून इंद्रभान लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडत होता. सोजरबाई मनातल्या मनात त्याचा उद्धार करत होती. पण आज धुण्याच्या दगडाखाली त्याचा हिरवा दोरा सापडला अन् तिनं तो उजेडात धरून पाहिला.

दोरा झिजून तुटला नव्हता. ब्लेडनं कापला होता.

तीन लेकरं मातीत घातल्यावर हा चौथा झाला होता. मोहरमात निघणाऱ्या पिराच्या सवारीपुढं तिनं पदर पसरला होता : "वाचव याले, जलमभर तुह्या नावाचा फकीर करीन." तेव्हापासून दर मोहरमला इंद्रभान नवा दोरा बांधून मुसलमानांच्या पाच दारांवर भाकर मागून खाई. वीस एकरांचा धनी, पण त्या दिवशी फकीर. आज तोच दिवस होता.

न्याहारी करताना इंद्रभानला ठसका लागला. दोरा नाही म्हणूनच हे, असं वाटून सोजरबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"काहून कापला रे दोरा?"

"गावातले पोट्टे इचारून राह्यले माय, तू नेमका कोनाच्यातला? पेरनीले ट्रॅक्टर येऊ देनार नाही म्हन्ते. मले भेव लागते."

"अन् मले नाही लागत? तिघं पुरले म्या!"

ती अनवाणीच हुस्नाबानोच्या दारी गेली. दोरा दरसाल तिच्याच हातचा. आज पडद्याआडून नुसते डोळे दिसले.

"मेरा पोट्टा मोईन नको बोलता, सोजर. अपने में ये नहीं रहता बोलता."

तिकडच्यांना नको, इकडच्यांना नको, मग लेकराला राखणार कोण? तेवढ्यात पडद्याखालून हात बाहेर आला. दोरा अन् अर्धी रोटी.

"जल्दी जा. मोईन आता."

बाकीची चार दारं ठोठावायचा धीर तिला झाला नाही. घरी येऊन तिनं इंद्रभानची बाही वर सारली. दोन वेळा गाठ सुटली, तिसऱ्यांदा बसली.

"भेकड निंगालास इंद्रभान, अन् म्याबी आज भेकडच निंगाली. पन म्या जिती हाव तवर तू फकीरच. कोनी इचारलं कोनाच्यातला, तर सांगजो, सोजरीचा. आता बाह्या दुमड. चार दारं राह्यली. चाल, मी येतो संगं."